चित्र क्रमांक एक

१

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खिळेमामा शिडी खांद्यावर घेऊन नव्या दालनात शिरले, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि शिडी खाली ठेवायची विसरले.

भिंत रिकामी होती. तशी ती मुद्दामच जवळजवळ रिकामी ठेवली होती. चाळीस फूट लांबीच्या त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एकच एक चित्र टांगायचं, असं राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकांनी ठरवलं होतं. 'शिवणारी बाई', चित्रकार अज्ञात, दालनाच्या नोंदवहीतलं चित्र क्रमांक एक. आकाराने दोन वीत बाय अडीच वीत. गुरुवारी नव्या दालनाचं उद्घाटन होतं. आता भिंतीवर दोन खिळे होते आणि बाजूला पितळी पाटी होती, जिच्यावर चित्राच्या नावापेक्षा संचालकांचं नाव मोठं होतं.

खिळेमामांनी हाक मारली. संचालक धावत आले. ते धावू शकतात हे त्या दिवशी सगळ्यांना प्रथमच कळलं.

चारच्या सुमाराला दक्षता विभागाच्या तपास अधिकारी आल्या. सत्तावन्न वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खात्यात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून खडा सुटत नसे. तीस वर्षं त्यांनी धान्याच्या गोदामांतल्या चोऱ्या शोधल्या होत्या. पोत्यात हात घातला की त्यातून किती माप काढलंय हे त्या सांगत. कलेचं प्रकरण त्यांच्या गळ्यात पडलं, कारण ज्या साहेबांना कला कळते असं खात्यात मानलं जाई, ते रजेवर होते.

"दाराबाहेर काय गेलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"काहीच नाही," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. "सोमवारी दालन बंद असतं. आत चौघंच होते. संचालकसाहेब, दादासाहेब, डॉक्टरीणबाई आणि खिळेमामा. एकला खिळेमामांनी चित्र जागेवर पाहिलं. तेव्हापासून मी डबासुद्धा इथेच बसून खाल्ला. फाटक एकच. कोणी बाहेर गेलं नाही."

"कॅमेरे?"

"आहेत ना. बसवलेत. जोडायचेत अजून."

चाळणीबाईंच्या दोन हवालदारांनी संध्याकाळपर्यंत इमारत पिंजून काढली. तळघर, चित्रांची कोठारं, न्हाणीघरं, हवेचे पाइप. संचालकांच्या खोलीत मात्र त्यांनी दारातून सलाम ठोकून नजर फिरवली आणि पुढे गेले. चित्र बाहेर गेलेलं नव्हतं आणि आत कुठेही नव्हतं.

चाळणीबाई शेवटी त्या भव्य भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या जुन्या दालनात लाखमोलाची चित्रं जागच्या जागी होती. चोराने त्या सगळ्यांना सोडून हे वीतभर चित्र का उचललं असावं?

२

रात्री घरी त्यांनी दालनाची माहितीपुस्तिका वाचली, आणि प्रत्येक पानाला त्यांच्या कपाळावर एक आठी वाढत गेली.

पन्नास वर्षांपूर्वी सरकारातल्या एका उपसचिवाला साक्षात्कार झाला होता की देशाला स्वतःचं कलादालन हवं. त्याचा मेहुणा वजनदार होता, म्हणून बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना त्याला मिळाला. तिथे त्याने 'गावोगाव पायपीट करून, प्रसंगी उपाशी राहून जमवलेली' एकेचाळीस चित्रं टांगली. हे संस्थापक. पुढे पाहुणे येत, हात जोडत, आणि दालन वाढत गेलं. एका सरकारने जिना बांधला. दुसऱ्याने कारंजं बांधलं. तिसऱ्याने कारंजं पाडून दुसऱ्याच्या उधळपट्टीवर भाषण केलं. आता दालनाकडे नऊ हजार कलाकृती होत्या, त्यातल्या साडेआठ हजार तळघरात होत्या, आणि त्यांच्या देखभालीसाठी सहा समित्या होत्या. समित्यांचे फोटो मात्र पुस्तिकेत रंगीत होते.

मंगळवारी सकाळी त्या संचालकांसमोर बसल्या. संचालकांच्या गळ्यात रेशमी रुमाल होता. टेबलावर एकही कागद नव्हता, म्हणजे काम दुसरंच कोणीतरी करत असावं. त्यांच्या खुर्चीमागे संस्थापकांचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र होतं. संस्थापक भिंतीतून किंचित पुढे झुकले होते, संचालकांच्या कानात काही सांगायचं असल्यासारखे.

"मॅडम, तुम्ही याकडे वस्तू म्हणून बघू नका," संचालक डोळे मिटून म्हणाले. "हा संवाद आहे. आपण तिच्यासमोर उभे राहतो आणि ती आपल्याला प्रश्न विचारते."

"काय विचारते?"

"अं?"

"काय प्रश्न विचारते?"

संचालकांनी पाण्याचा घोट घेतला. "ते ज्याचं त्याने ठरवायचं. ती खाली घातलेली मान, सुईवर अडकलेला उजेड, पायाशी मुटकुळं करून झोपलेलं मांजर... अख्खं घरपण त्या चिमुकल्या अवकाशात सामावलंय. ते नेणाऱ्याने देशाचं घरपण नेलंय."

"एक ते दोन तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. चिंतन करत होतो."

"कोणी पाहिलं?"

"चिंतन पाहता येत नाही, मॅडम."

चाळणीबाईंनी वहीत 'झोप' असं लिहिलं. "कोणावर संशय?"

संचालकांनी आवाज खाली आणला. "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण चित्र इतकं सफाईने खाली उतरवणारा माणूस इथे एकच आहे. आणि तो सुटीच्या दिवशीही त्या चित्रासमोर तासन्‌तास उभा असतो."

३

खिळेमामांकडे वळण्याआधी चाळणीबाईंनी दादासाहेबांना गाठलं. दादासाहेब हे संस्थापकांचे पुत्र. वय वर्षं सत्तर, तरी मागे सगळे त्यांना 'चिरंजीव'च म्हणत, कारण जन्म घेण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्या एका कामगिरीवर ते वीस वर्षं विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. सोमवारी ते भाषणाची तालीम करायला आले होते.

"यामागे फार मोठी शक्ती आहे," चिरंजीव म्हणाले. "आमच्या वडिलांचं नाव पुसायचा डाव आहे. ते चित्र म्हणजे आमच्या घराण्याचा प्राण."

"प्राणाचं जरा वर्णन करा. हवालदारांना शोधायला सोपं जाईल."

"वर्णन म्हणजे?"

"चित्रात काय होतं?"

चिरंजीवांनी छताकडे बघितलं. छताने मदत केली नाही. "एक म्हातारा," ते अखेर म्हणाले. "विचारात बुडालेला. दूरवर बघणारा."

"बाई होती. शिवत बसलेली. चित्राचं नावच 'शिवणारी बाई' आहे."

"बाई?" चिरंजीव कानकोंडे झाले. मग एकदम मोकळे झाल्यासारखे म्हणाले, "आता तुम्हाला खरं सांगायला काय हरकत आहे? वडील मला कधी जवळ फिरकू द्यायचे नाहीत. आणि ते गेल्यावर दरवर्षी वर्धापनदिनाला मी त्या चित्रासमोर भाषण करतो. पण फोटोवाले समोर असतात ना. त्यामुळे पाठ चित्राकडे. नीट बघायचं राहूनच गेलं."

"पन्नास वर्षं?"

"दिवस कसे जातात कळत नाही हो."

चाळणीबाईंनी आयुष्यात बरेच चोर पाहिले होते. पोत्यात काय आहे हे माहीत नसताना पोतं पळवणारा चोर मात्र पाहिला नव्हता. त्यांनी वही मिटली. तेवढ्यात हवालदार आत आला.

"बाई, डॉक्टरीणबाई बोलावताहेत. चित्राची चौकट सापडलीय. नुसती चौकट."

४

चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंना दालनात डॉक्टरीण म्हणत. पांढरा एप्रन, केसांत खोचलेला कुंचला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वार्निश उतरल्यासारखं वाटावं.

"रिकाम्या चौकटींच्या खोलीत होती," त्या म्हणाल्या. "तिथे तीनशे चौकटी आहेत. त्यात एक लपवायची हे डोकं बरं आहे. पण ही चौकट मी दहा वर्षं बघतेय. अशी रुंद, सोनेरी, बेढब चौकट दुसरी नाही. चित्रापेक्षा ती मोठी दिसावी म्हणूनच संस्थापकांनी बनवून घेतली असणार."

"तुम्ही हे चित्र कधी चौकटीतून काढलं होतं?"

"काढू दिलं तर ना! पाठीमागे लाकडी फळी ठोकलेली आहे. नुसत्या याच नाही, पहिल्या एकेचाळीसही चित्रांना. फळ्या फुगल्यात, आत बुरशी असेल. उघडून बघते म्हणून मी तीन अर्ज केले. संचालकांनी तिन्ही फेटाळले. 'मूळ स्वरूपाला धक्का लागू नये.' मूळ स्वरूप! बुरशीसकट!" त्यांनी नाक मुरडलं. "मग चौथा अर्ज मी थेट खात्याला पाठवला. शुक्रवारी मंजुरी आली. या आठवड्यात फळ्या उघडायच्या होत्या."

"मंजुरीचं कोणाला माहीत होतं?"

"पत्र संचालकांच्या नावे येतं. प्रत मला. खिळेमामांना मी सांगितलं, कारण खिळे तेच काढणार होते. अध्यक्षांना कळलं असेल, पण त्यांना कळणं आणि न कळणं यात फरक नसतो."

चाळणीबाईंनी चौकट उलटी केली. मागच्या लाकडावर ओरखडे होते, कपचे उडाले होते. जमिनीवर वाकडेतिकडे झालेले आठ खिळे पडले होते.

"या इमारतीत चित्रं बघतं कोण?" त्यांनी विचारलं.

"दोघं. मी आणि खिळेमामा. बाकीचे चित्रांशेजारी उभे राहतात."

चाळणीबाई तिथून कारकुनाच्या खोलीत गेल्या. गोदामांच्या चोऱ्यांनी त्यांना एक शिकवलं होतं. साहेब लोक फायली जाळतात, पण आलेल्या टपालाची साधी वही जाळायचं त्यांच्या डोक्यात येत नाही, कारण ती त्यांनी कधी उघडलेलीच नसते. त्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या आवक-जावक वह्या मागवल्या. धूळ झाडली. बोट ओळीवरून खाली सरकू लागलं.

एका बाईची अकरा पत्रं. अकराही पत्रांपुढे कारकुनाने विषय एकच लिहिला होता, 'चित्र परत मिळणेबाबत'. दालनाकडून उत्तर एकच गेलं होतं, 'मोफत प्रवेशिका पाठवली'.

पत्ता वाचून चाळणीबाई थांबल्या. हा पत्ता त्यांनी सकाळीच कर्मचाऱ्यांच्या यादीत वाचला होता. खिळेमामांच्या नावापुढे.

५

खिळेमामा त्यांच्या खोलीत सुतळीचे गुंडाळे लावत बसले होते. चाळीस वर्षं चित्रं टांगून त्यांची मान एका बाजूला कलली होती. सरळ भिंतसुद्धा ते तिरकीच बघत.

"ती पत्रं कोणाची?" चाळणीबाईंनी बसत विचारलं.

खिळेमामांनी सुतळी खाली ठेवली. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "ताईची. माझी थोरली बहीण."

"'शिवणारी बाई' तिने काढलंय?"

"तिनेच. आमची आई आहे ती. तेव्हा गिरणीजवळ चित्रकलेचा एक वर्ग भरायचा, कामकरी लोकांचा. एक साहेब आले, म्हणाले प्रदर्शन भरवतो, पंधरा दिवसांनी चित्रं परत. सगळ्यांनी दिली. पंधरा दिवसांनी बर्फाच्या कारखान्याला कुलूप, आणि दारावर राष्ट्रीय म्हणून पाटी. विचारायला गेलेल्यांना पहारेकऱ्याने हाकलून दिलं. वर्गच बंद पडला. ताई पत्रं लिहीत राहिली."

"आणि तुम्ही इथेच नोकरीला लागलात."

"ती म्हणाली, तू तरी जाऊन बघ, नीट टांगलंय का. आलो बघायला. राहिलो."

"मग काल संधी साधलीत?"

"बाई," खिळेमामांचा आवाज पहिल्यांदा चढला, "या इमारतीच्या सगळ्या किल्ल्या चाळीस वर्षं माझ्या कमरेला आहेत. न्यायचंच असतं तर काल भरदिवसा, उद्घाटनाच्या तोंडावर कशाला नेलं असतं? मला ते चोरून नको होतं. फळीमागे काहीतरी पुरावा निघेल म्हणून मी दिवस मोजत होतो. साहेबांनी प्रत्येक चित्राच्या पाठीवर चिठ्ठी डकवली होती म्हणते ताई." त्यांनी चाळणीबाईंच्या हातातला वाकडा खिळा घेऊन उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. "आणि हे बघा. याला काय खिळा काढणं म्हणतात? कागद कापायच्या सुरीने उचकटलाय कोणीतरी. मी असं काम केलं तर मला स्वतःचीच लाज वाटेल."

चाळणीबाईंना ते पटलं. पोतं दाताने फाडणारा हमाल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"ताईंनी ते चित्र पुन्हा पाहिलं का?"

"कधीच नाही. ती मोफत प्रवेशिका तिने चुलीत घातली. मीच सांगतो तिला, धूळ पुसली, पडदा लावला. चौकटीचं मात्र सांगून चुकलो. त्या बेढब पट्टीने खालचा तीन बोटं भाग झाकलाय. ताईची सही गेली, आईचे पाय गेले, मांजर गेलं. तेव्हापासून घरी गेलो की विचारते, मांजर बाहेर आलं का रे?"

चाळणीबाईंचा हात वहीवरच थबकला.

"कुठलं मांजर?"

६

बुधवारी सकाळी अकराला चौघेही संचालकांच्या खोलीत हजर होते. चिरंजीव भाषणाचे कागद चाळत होते. डॉक्टरीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या. खिळेमामा हात मागे बांधून कोपऱ्यात होते. संचालक संस्थापकांच्या तैलचित्राखाली बसून घड्याळ बघत होते.

"मॅडम, उद्या प्रमुख पाहुणे येताहेत. माझ्या मते भिंत तशीच ठेवावी. अनुपस्थितीलाही एक भाषा असते."

"असेल," चाळणीबाई म्हणाल्या. "मला साधी मराठी येते. तीत सांगते."

त्यांनी टेबलावर वाकडे खिळे टाकले.

"चित्र चौकटीतून काढणाऱ्याला खिळा धरता येत नव्हता. म्हणजे खिळेमामा नाहीत. डॉक्टरीणबाईही नाहीत. त्यांच्याकडे अवजारं आहेत, हात आहेत, आणि उघडायची मंजुरी खिशात आहे. जे काम दोन दिवसांनी उजळ माथ्याने करायचं, ते चोरून कशाला करतील? राहिले दोघं, ज्यांचे हात कधी कामाला लागलेले नाहीत."

"हा अपमान आहे," चिरंजीव म्हणाले.

"तुमची सुटका चाललीय, दादासाहेब. जरा दम धरा." चाळणीबाईंनी पुस्तिकेतलं चित्राचं पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. "ही 'शिवणारी बाई'. फोटो चौकटीसकट काढलाय. मान आहे, सुई आहे, मांडी आहे. संचालकसाहेब, यात मांजर दाखवा."

संचालकांनी पान बघितलं. रुमालाची गाठ सैल केली.

"खालचा भाग चौकटीच्या पट्टीखाली आहे," चाळणीबाई पुढे म्हणाल्या. "पन्नास वर्षं पाहुण्यांना, पत्रकारांना, सहा समित्यांना, कोणालाही ते मांजर दिसलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना दिसलेलं नाही. काल मात्र तुम्ही मला सांगितलंत, पायाशी मुटकुळं करून झोपलेलं मांजर. चौकट काढल्याशिवाय ते दिसत नाही."

"मला... मला दादासाहेबांनी सांगितलं असेल. त्यांच्या घरी लहानपणी..."

"मी?" चिरंजीव ताडकन उठले. "मला तर तो म्हातारा वाटत होता!"

डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. आपल्या अज्ञानाचा कोणाला असा उपयोग होईल हे चिरंजीवांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा ते प्रसन्न होऊन खाली बसले.

"खिळेमामा," चाळणीबाई म्हणाल्या, "संस्थापकांचं हे तैलचित्र कोणी टांगलं?"

"मी." खिळेमामा कोपऱ्यातून पुढे आले आणि त्यांनी कललेली मान आणखी कलती केली. "पण असं नाही. मी भिंतीला चपट टांगलं होतं. हे चार बोटं पुढे आलंय."

"हवालदारांनी सगळी इमारत उचकली. या खोलीला फक्त सलाम ठोकला. उतरवा."

खिळेमामांनी संस्थापकांना दोन्ही बगलांत धरून अलगद उचललं. मागे, आडव्या पट्टीवर टेकवून ठेवलेली, पिवळी पडलेली, इवलीशी शिवणारी बाई होती. तिच्या पायाशी मांजर होतं. मांजराच्या शेपटीशी सही होती, ठसठशीत, कोणालाही वाचता येईल अशी.

खिळेमामांनी चित्र उलटं केलं, आणि ते ओठ हलवत वाचू लागले. पाठीवर एक गुलाबी चिठ्ठी डकवलेली होती.

७

'मालकाचे नाव' यापुढे ताईचं नाव, त्याखाली पत्ता. 'प्रदर्शनासाठी पंधरा दिवस. नंतर मालकास परत करणे.' आणि खाली संस्थापकांची सही, जी देशातली शाळकरी पोरं पाठ्यपुस्तकात बघतात, तीच.

"चिठ्ठी फाडायचीच होती तर फाडली का नाही?" चाळणीबाईंनी विचारलं.

"निघेना," संचालक पुटपुटले. आता त्यांच्या तोंडात एकही मोठा शब्द उरला नव्हता. "सरस जुना होता. ओढली की कॅनव्हास चिरत होता. तेवढ्यात मामांच्या शिडीचा आवाज आला. मला चोरी करायची नव्हती हो. मी सातवा संचालक. प्रत्येक जण जाताना पुढच्याला सांगतो, पहिल्या एकेचाळीसच्या पाठी उघडायच्या नाहीत. का, ते सांगत नाही. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा म्हटलं, एक छोटं उघडून बघावं, लगेच परत टांगावं..."

"सात संचालक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि एकालाही कधी कुतूहल वाटलं नाही. सातव्याला वाटलं, तेही भीतीने."

फोन वाजला. खात्याचे सचिव होते. चित्र सापडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण ते आनंदात होते.

"शाब्बास, बाई! आता असं करा, गैरसमजातून चित्र इकडचं तिकडे झालं, एवढंच लिहा. ती चिठ्ठीबिठ्ठी जुनी गोष्ट. उकरून काय मिळणार? माणसंसुद्धा हयात नसतील."

चाळणीबाईंनी खिळेमामांकडे बघितलं. खिळेमामा चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचत होते.

"साहेब, एक बाई हयात आहेत, तेवढ्या मला पुरतात. चोरी सोमवारची नाही, पन्नास वर्षांपूर्वीची आहे, आणि चोराची सही माझ्या हातात आहे. चित्र मी जप्त करतेय."

"एक चित्र कमी पडलं तर पडू दे, पण उद्घाटन..."

"एक कुठलं?" त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि खोलीकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, अवजारं आणा. मामा, तुम्ही खिळे काढा. उरलेल्या चाळीसच्या पाठी उघडायच्या आहेत."

संध्याकाळपर्यंत अडतीस गुलाबी चिठ्ठ्या मोजून झाल्या. दोन चित्रांमागे काही निघालं नाही. ती दोन संस्थापकांनी स्वतः काढलेली होती, आणि ती कोणी परत मागितली नसती. चाळणीबाईंनी एकोणचाळीस चित्रांवर जप्तीची लाख लावली. गुरुवारचं उद्घाटन 'तांत्रिक कारणांमुळे' पुढे ढकललं गेलं. चिरंजीवांनी वर्तमानपत्रांना सांगितलं की त्यांच्या वडिलांनी ही चित्रं पन्नास वर्षं सांभाळली, नाहीतर त्या गरीब लोकांच्या घरांत ती कधीच नष्ट झाली असती. एका वर्तमानपत्राने ते अग्रलेखात घेतलं. संचालकांना निलंबित करण्यात आलं आणि चार आठवड्यांनी खात्याच्या वारसा सल्लागार मंडळावर नेमण्यात आलं.

८

कोर्टाचा हुकूम यायला सहा आठवडे लागले. हुकूम आला त्या दिवशी सकाळी चाळणीबाई चित्र कापडात गुंडाळून खिळेमामांबरोबर निघाल्या. हे काम हवालदाराचं होतं. पण या प्रकरणात कोणीतरी एकदा नीट वागावं असं त्यांना वाटलं, आणि खात्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

शिंप्याच्या दुकानावरून जाणारा अरुंद जिना होता. कलादालनापासून चालत वीस मिनिटांवर. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चाळणीबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला.

दार ताईंनीच उघडलं. ऐंशीच्या जवळपास, बारीक, जाड भिंगांचा चष्मा, बोटांना हिरवा रंग.

"आलास? आणि या कोण, पोलीस? या. चहा टाकते."

चाळणीबाई आत आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. भिंत नावाची गोष्ट त्या खोलीत दिसतच नव्हती. छतापासून जमिनीपर्यंत चित्रं होती. जिन्यावर बसलेली माणसं, नळावर भांडणाऱ्या बाया, दवाखान्याच्या बाकावरचे चेहरे, खालचा शिंपी, त्याचा बाप, त्याची नात. पलंगाखाली चित्रं, कपाटावर चित्रं, मोरीच्या दाराला टेकवलेली चित्रं. पन्नास वर्षं जे दालन या बाईला अज्ञात म्हणत होतं, त्याच्या सहा समित्यांपैकी एकीलाही हा जिना चढायची बुद्धी झाली नव्हती. एक चित्र लाटलं आणि तेवढ्यावरच त्यांचं पोट भरलं. चोरी करायचीसुद्धा अक्कल लागते, असं चाळणीबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना त्या संगमरवरी इमारतीची इतकी किळस आली की क्षणभर त्या गुडघे विसरल्या.

खिळेमामांनी कापड सोडलं. "ताई. बघ."

ताईंनी चित्र खिडकीपाशी नेलं. चष्मा वर केला, डोळे चित्राला जवळजवळ टेकवले. खिळेमामांनी तोंड फिरवलं होतं.

"पिवळं करून टाकलंय रे सगळं," ताई म्हणाल्या. "तोंडसुद्धा कोणी धुतलं नाही हिचं." मग बोटाने हवेतच आईच्या मनगटाभोवती रेघ ओढली. "इथे हात चुकलाय. तेव्हा मला मनगट येत नव्हतं. मांजर मात्र झकास आहे." आणि मग, भावाकडे न बघता, "आई अशीच बसायची ना?"

"अशीच," खिळेमामा म्हणाले.

"कुठे टांगू?" मग डोळे पुसून त्यांनीच विचारलं.

"आता जागा कुठाय? ठेव पलंगापाशी. रात्री बघीन निवांत."

चाळणीबाईंनी ताबापावती पुढे केली. ताईंनी सही केली. मग पेन परत न देता त्या चाळणीबाईंच्या तोंडाकडे निरखून बघत राहिल्या, आधी समोरून, मग जरा बाजूने.

"घाई आहे का तुम्हाला?"

"दोन वाजता मीटिंग आहे. का?"

"ही तुमची आठी," ताई म्हणाल्या, "आणि हे नाक. असं चिडलेलं तोंड बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीत बसता? उजेड आहे तोवर."

"मला त्यातलं काही कळत नाही," चाळणीबाई म्हणाल्या.

"तुम्हाला फक्त बसायचंय."

चाळणीबाईंनी घड्याळ बघितलं. मीटिंगमध्ये सचिव असणार होते. त्या पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या, आणि ताईंनी कोळशाचा तुकडा शोधायला टेबलाचा खण उघडला.